काकीचा पारवा रंग

पारवीकाकीला कुठलाही रंग दाखवला की ती आधी डोळे मिटून घ्यायची. लुगड्याचा काठ असो, उन्हात घातलेली हळद असो, नाहीतर नव्या नवरीचा चेहरा असो. डोळे मिटायचे, जरा वेळ तसंच बसायचं, मग उघडून एकदाच पाहायचं आणि पदराने तोंड पुसत काय ते सांगायचं. मी लग्न होऊन अड्याळला आले तेव्हा चार बायका मला निरखायला जमल्या होत्या. कोणी माझी उंची पाहत होतं, कोणी माझ्या बापाने अंगावर घातलेलं सोनं. काकीने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "ओली हाये अजून. वाळू द्या, मंग सांगीन." सगळ्या हसल्या. भंडाऱ्याची मॅट्रिक झालेली मुलगी मी, मला असा राग आला होता की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

ती माझी चुलत सासू. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, धाकट्या भावाची बायको. तिचा नवरा, काकाजी, माझ्या लग्नाच्या किती तरी आधी तापाने गेला होता. ती आणि तिची मुलगी शकुन आमच्याच घरात मधल्या खोलीत राहत. घरचं दुकान होतं. चुना, नीळ, रंगाच्या पुड्या, खिळे, दोर, आणि धान कापणीला आलं की विळे. त्यामुळे दिवाळीच्या आधी अख्ख्या अड्याळच्या भिंतींचे रंग आमच्या दारातून जायचे, बहुतेक निळे, हिरवे नाहीतर गुलाबी. आमच्या घरातही तसेच होते. मधली खोली तेवढी वेगळी. तिचा रंग पारवा, कबुतराच्या पाठीसारखा, आणि त्यावरूनच गावातल्या बायांनी तिचं नाव पारवीकाकी पाडलं होतं.

"ओला रंग खोटा बोलते," हे तिचं ठरलेलं वाक्य. चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की भलताच उजळतो, हे दुकानवाल्यांच्या घरात कोणालाही ठाऊक. पण काकी ते वाक्य कुठेही लावायची. शेजारणीचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला आणि पहिल्याच महिन्यात आईला लुगडं घेऊन आला, तर काकी म्हणाली, "वाळू दे." मी नवऱ्याशी भांडून तिच्या खोलीत जाऊन रडत बसले की ती तांदूळ निवडता निवडता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आज ओला हाये तुझा राग. परवा सांग मले, मंग आपण दोघी मिळून त्याले शिव्या देऊ." परवापर्यंत माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरायचं नाही. मग तीच विचारायची, "काहून वं, शिव्या द्याच्या होत्या ना?"

त्या पारव्या रंगाची गोष्ट तिने मला एका दुपारी सांगितली. तिला अर्धशिशीचा त्रास होता. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर कौलांमधल्या काचेतून ऊन पडलं की तिचं डोकं फुटायला यायचं. काकाजींनी एकदा दुकानातून चुना आणला, त्यात थोडी नीळ आणि थोडी काजळी कालवली, आणि भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले. जवळपास सारखेच. ते वाळेपर्यंत दोघं जण शकुनला मांडीवर घेऊन समोर बसून राहिले. मग काकाजींनी विचारलं, कोणता लावू? तिने बोट दाखवलं आणि त्यांनी तोच लावला.

"जन्मात मले 'कोणता पाह्यजे' म्हणून एकाच माणसानं एकदाच इचारलं," काकी म्हणाली. "लुगडं इचारून नाही आणलं कोणी. नवरा इचारून नाही केला. रंग तेवढा इचारून लावला." हे सांगताना ती हसत होती. मला मात्र हसू आलं नाही, कारण मलाही तोवर कोणी काही विचारलं नव्हतं.

आता मामंजी आणि काकी यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मामंजी काकीचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे बाईने भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्या समोर यायचं नाही, आणि भासऱ्याने भावजयीला चुकूनही हात लावायचा नाही. एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून ही दोन माणसं एकमेकांशी अक्षर बोलली नव्हती. मामंजी मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आले की आधी खाकरायचे. आत काकी पदर ओढून दाराआड व्हायची. मग मामंजी माझ्याकडे पाहून मोठ्याने म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या काकीले सांग..." आणि काकी दाराआडून म्हणायची, "त्याइले म्हण..." दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू येत असायचं. तरी मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करायचं. एकदा मी कंटाळून म्हणाले, "मामंजी, त्या ऐकून राहिल्या ना." तर मामंजी म्हणाले, "ऐकू दे. तू सांग."

शकुनचं लग्न शहापूरला ठरलं. माणसं चांगली होती, मुलगा पोस्टात होता, आणि वैशाखातली तिथी निघाली. घर दणाणून गेलं. आणि त्या दणदणाटात मी एक गोष्ट पाहिली, तिचा संताप मला अजून येतो. काकीच्या हाताला काम नव्हतं. हळद दळायला सवाष्ण हवी, पहिलं मुसळ धरायला सवाष्ण हवी, पोरीच्या अंगाला हळद लावायला माझी सासू, ओटी भरायला माझी सासू. जिने पोटात वागवलं ती मागच्या अंगणात डाळ पाखडत बसलेली. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. तिचं तीच उठून गेली होती, आणि कोणी तिला बोलावलंही नव्हतं.

अशात मामंजी एक दिवस उंबऱ्याशी येऊन खाकरले. "सूनबाई, काकीले सांग, मधल्या खोलीत पोराकडच्या बाया बसतीन. भिंती पाहा कशा धुरकटल्या. गुलाबी मारून टाकतो."

दाराआडून आवाज आला, "त्याइले म्हण, बाकी घराले पाह्यजे तो लावा. या खोलीले होता तोच पाह्यजे."

"राखेचा रंग? लगनात? लोक काय म्हणतीन?"

या वेळी मला पोहोचवायला काही नव्हतं. मामंजी उभे राहिले. त्यांची नजर भिंतीवरून फिरली, त्यांच्या धाकट्या भावाने स्वतः कुंचा मारलेल्या भिंतीवरून. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बरं. पण रंग तिनंच पसंत कराचा. मंग मले म्हणू नये." आणि निघून गेले.

मी दाराआड डोकावले. काकीचे डोळे भरून आले होते. "दुसऱ्यांदा इचारलं वं कोणी," ती म्हणाली. लेकीच्या लग्नात तिच्या वाट्याला एवढं एक काम आलं होतं, आणि ते ती असं तसं उरकणार नव्हती.

दौलत रंगारी आला. त्याने भिंत पाहिली, चुना, नीळ, काजळी कालवली, भिंतीशी जुळवून एक पट्टा ओढला आणि म्हणाला, "घ्या जी. होता तोच." काकीने तो वाळू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे मिटले, उघडले, आणि मान हलवली. "हा तो नाही."

"अवो काकी, भिंतीसंग मिळून राहिला ना," दौलत म्हणाला.

"भिंतीसंग मिळते. पण भिंतच आता ते नाही राह्यली."

तिचं म्हणणं मला उमगेना. मग तिने खोलीतलं सागवानी कपाट सरकवायला लावलं. काकाजी असतानाच तिथे ठेवलेलं, हललं नव्हतं कधी. माझा नवरा आणि दुकानातला गडी, दोघांनी मिळून ते हातभर ओढलं, आणि मागची भिंत उघडी पडली. तिथे धूर पोचला नव्हता, ऊन पोचलं नव्हतं. काकाजींनी लावला तो रंग तिथे जसाच्या तसा होता. दौलतने वाकून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि त्याच्याशी जुळवून दुसरा पट्टा ओढला.

आता भिंतीवर दोन पट्टे झाले. एक आजच्या भिंतीचा, त्याला दौलत राखोंडी म्हणायचा, आणि एक कपाटामागचा पारवा. खरं सांगते, मला दोन्ही एकच दिसत होते. सासूबाई येऊन पाहून गेल्या, शेजारणी पाहून गेल्या, सगळ्यांनी काकीला वेड्यात काढलं. मामंजी उंबऱ्यावरून म्हणाले, "मले तं दोन्ही एकच दिसते. तुझ्या काकीले सांग, लगन या वैशाखात हाये, पुढच्या नाही."

काकीने मला जवळ बसवलं. म्हणाली, "डोळे धुऊन ये." मी धुऊन आले. तिने आपल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर दोन पट्ट्यांच्या मधात ताणून धरला आणि म्हणाली, "आता पाह्य." आणि मला दिसलं. एक पट्टा किंचित निळसर, पहाटे तलावाच्या पाण्याचा असतो तसा. दुसरा पिवळट, थकलेला, चुलीतल्या राखेचा. एकदा दिसल्यावर ते दोन मला पुन्हा एक वाटेनात.

"हा त्याईनं लावला तवाचा," ती निळसर पट्ट्याकडे बोट करून म्हणाली. "शकुन रांगत होती तवाचा. अन् हा मंगचा, मी एकलीच पाहत बसली तवाचा."

"मग कोणता लावाचा, काकी?"

मला वाटलं ती लगेच सांगेल. पण तिला दिवस लागले. येता जाता ती त्या पट्ट्यांसमोर थांबायची. एकदा म्हणाली, "मंगचाही माह्याच हाये ना वं. त्याले कसा टाकू?" शेवटी एका सकाळी तिने डोळे मिटले, आणि न उघडताच पारव्यावर हात ठेवला. "पोरगी या घरातून जाऊन राहिली. तिच्या बापाच्या रंगातून जाऊ दे." मी मामंजींना निरोप दिला. ते हो म्हणाले. कपाटात लग्नाची भांडी आणि लुगडी भरायची होती, म्हणून ते पुन्हा भिंतीशी सरकवून ठेवलं, मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट राहिली.

रंगवायच्या दिवशी चुन्याच्या वासाने काकीचं डोकं दुखेल म्हणून आम्ही तिला शेजारी पाठवलं. मी रांधणीत अडकले होते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा भिंती ओल्याच होत्या. माणसं विचारायला लागली, कसा झाला? ती नेहमीचं म्हणाली, "वाळू द्या." दुसऱ्या दिवशी अंगणात मांडवाचे खांब रोवले जात होते आणि काकी खोलीच्या मधोमध उभी होती. तिने डोळे मिटलेही नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाली, "हा दोन्ही नाही वं."

मी दौलतला गाठलं. तो बिचारा मोकळेपणाने म्हणाला, "पारवा चारी भित्तीले पुरत नव्हता जी. तो राखोंडी उरला होता, फेकून कायले द्याचा? दोन्ही एका घमेल्यात ओतले. एकच तं होते." माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता मामंजींना सांगते, पुन्हा मारून घेते सगळ्या भिंती. काकीने माझा हात धरला. "लगनघर हाये. रंगापायी कोणाचं तोंड उतरू नये. दौलतले बोलू नोको, लेकरावाला हाये तो." मी तणतणत राहिले. ती मात्र डाळ पाखडायचं सूप घेऊन मागच्या अंगणात गेली.

लग्नाच्या सकाळी मी शकुनची वेणी घालत होते. काकी भिंतीशी बसली होती. उंबऱ्याशी मामंजी खाकरले. काकी उठून दाराआड झाली. मी वाट पाहत होते की आता 'सूनबाई' म्हणतील. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते. नवं धोतर नेसलेले, डोक्याला फेटा, खाली जमिनीकडे बघत ते दाराला म्हणाले, "जमला ना रंग?"

माझा हात वेणीत थांबला. शकुनने मान वर केली. एवढ्या वर्षांत हा माणूस त्या बाईशी पहिल्यांदा बोलला होता. मला वाटलं, सांग काकी, आता सांग. दाराआडून ती म्हणाली, थेट, माझ्यामार्फत नाही, "जमला जी. तसाच झाला."

मामंजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "माह्या भावाचा हात होता तो," म्हणाले आणि मांडवात निघून गेले. त्यानंतर ते दोघं पुन्हा कधी एकमेकांशी बोलले नाहीत. मी परत मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करू लागले. मी एकदा काकीला विचारलं, एवढं खोटं कायले बोलली? ती म्हणाली, "त्याईनं इचारलं ना वं. इचारणाऱ्याले काय नाही म्हणाचं?"

शकुन शहापूरला गेली आणि काकी त्या खोलीत एकटी राहिली. कपाटाला लागून तिने खाट टाकली. दुपारी मी डोकावले की ती कुशीवर पडलेली असायची, एक हात कपाट आणि भिंत यांच्या फटीत कोपरापर्यंत गेलेला. आम्हाला वाटायचं तिथे तिने तपकिरीची पुडी लपवली आहे. माझी मुलं तर छळायची तिला, "काकीआजी, पुडी दाखव ना वं." ती हात काढून घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्या बापानं आणून देल्ली का पुडी?" आम्ही हसायचो. त्या मिसळलेल्या रंगावर पुढे कुंचा फिरवायचा विषय निघाला की ती म्हणायची, राहू द्या, आता सवय झाली.

सन पंच्याऐंशीच्या आसपासचा हिवाळा असेल. तिला ताप भरला आणि उतरेना. भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं, मोटार सांगितली, तर ती नको म्हणाली. खाट खिडकीशी उन्हात घेऊ का म्हटलं, तर तेही नको. "खाट इथंच राहू दे." मी तिच्याजवळ बसून होते. एका दुपारी तिने डोळे मिटले, आणि मी सवयीने वाट पाहत बसले की आता उघडेल आणि काहीतरी सांगेल. मला ते समजायला वेळ लागला. मी तिच्यासाठी जितकी रडले तितकी माझ्या आईसाठीही रडले नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेरवी झाल्यावर ठरलं की सागवानी कपाट शकुनला द्यायचं. गाडीवाला आला. दोघा-तिघांनी मिळून कपाट बाजूला ओढलं. मागे पुडी नव्हती. काकाजींचा पारवा होता, तसाच, निळसर. आणि खाटेच्या उंचीला, फटीतून हात पोचेल तेवढ्या जागी, भिंत काळपट आणि गुळगुळीत झाली होती. बोटं फिरून फिरून चुना झिजला होता. शकुन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

उंबऱ्याशी खाकरण्याचा आवाज आला. मामंजी आता थकले होते, काठी टेकत चालायचे. रिकाम्या खोलीपुढेही ते सवयीने खाकरले आणि सवयीने थांबले. आत पदर ओढणारं कोणी नव्हतं. मग ते आत आले. त्या खोलीत त्यांना उंबऱ्याच्या आत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कपाटाच्या जागेसमोर उभं राहून त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. कपाटामागची भिंत पाहिली, मग बाजूची पाहिली, मग पुन्हा कपाटामागची.

"हे दोन येगळे हायेत वं," ते म्हणाले.

"हो जी."

"मंग मले जमला म्हणून काहून सांगतलं तिनं?"

"तुम्ही इचारलं म्हणून," मी म्हणाले.

ते भिंतीच्या आणखी जवळ सरकले. मग त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात भिंतीकडे, त्या बोटांच्या डागाकडे नेला. वीतभर अलीकडे हात थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला. भासऱ्याने भावजयीला हात लावायचा नसतो.

"कपाट राहू दे गा," ते गाडीवाल्याला म्हणाले. "होतं तसं लावून दे. शकुनले आपण दुसरं करून देऊ."